न दिलेला हात

“हात दे गं मला... अगं कैदाशिणी, हात दे!”

लेल्ला खदूजाची किंकाळी अंगणाच्या पांढऱ्या भिंतींवर आदळून थेट गल्लीत गेली, आणि बेकरीतून परतणाऱ्या बायका, रोज थांबत तशाच, पावाच्या टोपल्या कमरेवर घेऊन उघड्या दारासमोर थबकल्या. अंगणाच्या मधोमध एका बुटक्या स्टुलावर म्हातारी बसली होती. दोन्ही हात पुढे पसरलेले, गुडघे लटलट कापत होते, कपाळावरून घामाचे ओघळ हनुवटीपर्यंत आले होते... आणि तिच्यासमोर, जेमतेम हातभर अंतरावर, तिची विधवा सून वसीला हाताची घडी घालून उभी होती. दगडासारखी!

“उठा, लेल्ला. पुढे वाका, पायांवर भार द्या आणि उठा.”

“पाय कुठं आहेत मला? काड्या आहेत काड्या! डोळे फुटलेत का तुझे?”

“त्याच काड्यांचे पुन्हा पाय करायचेत. उठा.”

“माझा पोरगा गिळलास... आता मला गिळायला बसलीस, अवदसे!”

दारातल्या फातूमाने जीभ चावली आणि शेजारच्या मन्नूबियाला कोपराने ढोसलं. “बघ, बघ. आपल्या आईला अशी उभी करेल का ही?”

वसीलाने ते ऐकलं. रोज ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. पण घडी घातलेल्या हातांची नखं तिच्याच दंडात रुतत होती, हे त्या बायकांना कुठून दिसणार? ते हात मोकळे सोडले असते, तर ते आपणहून धावले असते, त्या थरथरणाऱ्या म्हातारीला उचलून छातीशी धरलं असतं... म्हणून तर तिने ते असे बांधून ठेवले होते!

नेमकी त्याच क्षणी हेदिया दारात आली. समुद्रापलीकडच्या सफाक्स शहरातून सकाळच्या बोटीने ती आईला भेटायला आली होती. एका हातात मकरूदांचा, खजूर भरलेल्या मिठाईचा, डबा, दुसऱ्या हातात पर्स. तिने आईकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि डबा तिथेच आपटून ती पुढे झेपावली. सगळ्या गल्लीदेखत वसीलाच्या गालावर तिची चपराक बसली.

“एकदा पाडलंस तिला, ते पुरलं नाही? आता हाल करून मारतेस?”

वसीलाने हळूच मान वर केली. दोघींची नजर मिळाली... आणि ज्या हेदियाने हात उगारला होता, तिनेच आधी नजर वळवली.

“माझी लेक आली गं बाई!” म्हातारी हंबरली. “ने मला इथून. ही मला साखर देत नाही, पडू देत नाही, निजू देत नाही... खेचरासारखं राबवते मला!”

“नेते उम्मी, आजच नेते. जन्मभर जात्यावर सातू दळलेस, खडकावर ऑक्टोपस बडवलेस, आता तू पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाहीस. राणीसारखी ठेवते तुला.”

“हेदिया,” वसीला म्हणाली, “त्यांना पलंगावर ठेवू नकोस. डॉक्टरीणबाईंनी...”

“तू मला शिकवणार? तू?” हेदियाचा आवाज चिरकला. “तोंड उघडायची तरी लाज वाटू दे!”

दुपारच्या बोटीने म्हातारी गेली. जावई फेथी गाडी घेऊन आला होता. त्याने सासूला दोन्ही हातांवर उचलून गाडीत बसवलं, तेव्हा बघणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडीच्या खिडकीतून म्हातारीने सुनेकडे पाहून थुंकल्यासारखं केलं. मग धूळ उडाली, आणि बेटावरच्या मेलिता गावातल्या त्या घरात वसीला एकटी उरली.

तिने सांडलेले मकरूद एकेक करून उचलले, कोंबड्यांना टाकले, आणि त्याच बुटक्या स्टुलावर बसून राहिली. गाल अजून चुरचुरत होता... पण त्याहून खोल काहीतरी जळत होतं.

कारण लेल्ला खदूजाला तिने पाडलंच नव्हतं.

नूरी, तिचा नवरा, समुद्रात गेला त्याला आता पाच वर्षं झाली होती. ऑक्टोपस पकडायला किनाऱ्यालगत बुडवून ठेवलेली मडकी काढायला म्हणून गेला, वारा फिरला, आणि तिसऱ्या दिवशी लाटांनी त्याला परत आणून दिलं. मूलबाळ नव्हतं. सूस शहरातून तिचा भाऊ मोहसेन तिला न्यायला आला, तेव्हा तिने नकार दिला, पुढे त्याने एका सालस शाळामास्तराचं स्थळ आणलं, तेव्हाही, “म्हातारीला एकटं कसं टाकू?” म्हणाली. म्हातारी मात्र तिला पांढऱ्या पायाचीच म्हणत राहिली. पोराच्या मरणाचा राग समुद्रावर काढता येत नव्हता. घरात दुसरं होतं कोण?

पोरगा गेल्यापासून म्हातारीची झोप उडाली होती. गेल्या वर्षी हेदिया चार दिवस राहायला आली असताना आईची ती तळमळ तिला बघवेना. तिने आपल्या पर्समधल्या झोपेच्या गोळ्या काढल्या, एक नव्हे, दोन, आणि मायेने आईला पाजल्या. पहाटेच्या नमाजाला म्हातारी नेहमीसारखी उठली, पाण्याच्या टाक्यापाशी वुजूला, हातपाय धुवायला, वाकली, तोल गेला... आणि खुब्याचं हाड मोडलं.

सफाक्सच्या इस्पितळात तरुण डॉक्टर संतापून बाहेर आला. “इतक्या वयाच्या, साखरेच्या आजारी बाईला झोपेची गोळी कुणी दिली?”

हेदिया भिंतीला टेकली. तिचा चेहरा चुन्यासारखा पडला होता. शेजारी फेथी होता, समोर स्ट्रेचरवर अर्धवट शुद्धीतली आई होती. वसीलाने एकदा त्या मायलेकींकडे पाहिलं. तिच्या मनात काय आलं, ते तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही... या बाईचा एक मुलगा समुद्राने नेला. आता लेकीवरचं मनही फाटलं, तर तिच्यापाशी उरेल काय? आणि माझ्यावर तर तिची माया कधी नव्हतीच! माझं काय जाणार आहे?

“मी दिली,” वसीला म्हणाली.

बस्स! दोन शब्द. त्या दोन शब्दांनी ती गावाची वैरीण झाली. हेदियाने पहिल्या दिवशी तिचे हात घट्ट धरले होते. दुसऱ्या दिवशी ती तिच्याकडे बघेना. आणि महिन्याभरात ती वसीलाचा असा द्वेष करू लागली, की जणू गोळी खरोखरच वसीलाने दिली होती. आपलं पाप ज्या डोळ्यांत रोज दिसतं, ते डोळेच फोडून टाकावेत, असं काहीतरी तिचं झालं होतं.

हाड जुळलं. पण पडून राहून म्हातारीच्या मांड्या सुकून गेल्या. तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरीण सिहेम यांनी वसीलाला बाजूला घेतलं होतं.

“हे बघा, हाडाचं काम आम्ही केलं. पण या वयात माणूस खिळतो तो स्नायू गेल्यामुळं. शरीर जे वापरत नाही, ते सोडून देतं. तरुणपणी गेलेलं पटकन भरून येतं, म्हातारपणी प्रत्येक घोटभर ताकदीसाठी भांडावं लागतं. आणि यांच्या साखरेचं कोडंही तिथंच आहे. खाल्लेली साखर स्नायूंत जळते. ती चूल विझली, की साखर रक्तात साठत राहते, मग औषध वाढवत बसा.”

“मग मी काय करू?”

“खुर्चीवरून उठायला लावा. रोज, पुन्हा पुन्हा. आधी उंच खुर्ची, मग बुटकी. पाव आणि गोड चहावर ठेवू नका. मासा, अंडी, मसूर, हरभरे द्या. पडू द्यायचं नाही, जवळ उभं राहायचं. पण हात द्यायचा नाही. हात दिलात, की काम तुमचे स्नायू करणार, त्यांचे नाही.” मग त्या थोड्या हसल्या. “शिव्या देतील हं.”

“त्याची सवय आहे मला,” वसीला म्हणाली होती.

उंच खुर्चीवरून बुटक्या स्टुलापर्यंत तिने म्हातारीला आणलं होतं. अजून थोडे दिवस... आणि म्हातारी काठी घेऊन गल्लीत गेली असती. तेवढ्यात ही चपराक.

आता गल्लीने तिला वाळीतच टाकलं. बेकरीत ती रांगेत उभी राहिली, की पुढच्या बायका बोलणं थांबवत. फातूमाने तर तोंडावर विचारलं, “काय गं, आता कुणाला उभं करतेस? कोंबड्यांना?” सगळ्या हसल्या. वसीलाने पाव घेतला आणि ती चालू लागली. मोहसेनचा फोन आला तोही कडू. “ज्यांच्यासाठी थांबलीस त्यांनीच हाकललं ना? मास्तरांचं लग्न झालं, सांगून ठेवतो. आता माझ्या दारात रडत येऊ नकोस.” तिने “बरं” म्हटलं. रडायला तिला कुणाचंच दार नको होतं.

तरी तिच्याने राहवलं नाही. सुकवलेला ऑक्टोपस आणि घरच्या कोंबड्यांची अंडी घेऊन ती एक दिवस बोटीने सफाक्सला गेली. हेदियाने दार अर्धंच उघडलं.

“काय आहे?”

“हे त्यांच्यासाठी. रोज दोन अंडी दे. आणि निदान पलंगाच्या कडेला बसवत...”

“आम्ही तिला मधातली लापशी भरवतो, चमच्याने. शेजारणी बघायला येतात, म्हणतात, लेक असावी तर अशी. तुझी अंडी घेऊन जा.”

दाराच्या फटीतून वसीलाला आतली खोली दिसली. नवा पलंग, जाड गादी, मोठ्याने चालू असलेला टीव्ही; आणि गादीत रुतलेली लेल्ला खदूजा. चेहरा सुजल्यासारखा गोल झाला होता, पण पांघरुणाबाहेर आलेला हात! केवढासा झाला होता तो हात... याच हाताने जात्याचा दगड फिरताना पाहून नवी नवरी असलेली वसीला चकित झाली होती.

“इन्सुलिन वाढवलंय का?” तिने विचारलं.

“दोनदा,” मागून फेथी चुकून बोलून गेला. हेदियाने त्याच्याकडे जळजळीत पाहिलं.

पलंगावरून आवाज आला, पातळ, पण विखारी. “कोण, ती आलीय? मेले की अजून नाही, ते बघायला आली असेल. सांग तिला, अजून आहे म्हणावं!”

वसीला अंडी उंबऱ्यावर ठेवून परत आली. सगळा समुद्र ओलांडेपर्यंत तिने बोटीच्या कठड्यावरचा हात काढला नाही.

मग उन्हाळा सरता सरता फेथीचा फोन आला. त्याचा आवाज खाली गेला होता.

“वसीला, तू येतेस का? काल पुतण्याच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. कामवाली खाली गेली आणि गप्पांत रमली. उम्मी पाण्याच्या पेल्याला हात घालायला गेल्या, आणि पलंगावरून घसरल्या. भिंत आणि पलंगाच्या मध्ये, फरशीवर. दुपारपासून संध्याकाळपर्यंत. त्यांना कुशीवरही वळता आलं नाही गं... हाक मारली असेल, पण टीव्ही चालू होता. लागलं नाही फारसं. पण तेव्हापासून खात नाहीत. तुझंच नाव घेतायत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वसीला त्या दारात उभी राहिली, तेव्हा हेदिया आडवी आली. डोळे रडून लाल, तरी पवित्रा तोच.

“तिची साखर चढलीय. काहीही बरळतेय. आत्ता भेटायची गरज नाही.”

“हेदिया!” आतून हाक आली. “बाजूला हो. आणि फेथी, तूही ये. दोघांसमोर बोलायचंय मला.”

लेल्ला खदूजा पडल्या पडल्याच भिंतीकडे बघत होती. महिनोन् महिने पडून राहून पाठीला जखम झाली होती, म्हणून तिला कुशीवर टेकवून ठेवलं होतं. तिने सुनेकडे बघितलं नाही.

“ती गोळी,” ती म्हणाली, “वसीलाने दिली नव्हती.”

“उम्मी!” हेदिया किंचाळली. “फेथी, बघतोस ना, भ्रम झालाय तिला...”

“माझी साखर वाढलीय, अक्कल गेलेली नाही. तुझ्या पर्समधून काढल्यास तू. दोन होत्या. ‘शांत झोप उम्मी’ म्हणालीस, आणि पेला माझ्या ओठाला लावलास. तुझ्या बांगड्या वाजल्या, तेही आठवतं मला.”

खोलीत एकाएकी फक्त टीव्हीतला कुणीतरी हसत राहिला. फेथीने जाऊन तो बंद केला. मग त्याने बायकोकडे पाहिलं, आणि काही न विचारताच त्याला सगळं कळलं.

वसीला मात्र पलंगाजवळ थिजून उभी होती. तिच्या कानांत एकच गोष्ट घुमत होती.

“तुम्हाला... ठाऊक होतं?”

“होतं.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. इस्पितळात तू ‘मी दिली’ म्हणालीस, ते मी ऐकलं.”

“आणि तरी? तरी गल्लीभर, रोज...”

“एकच पोर उरलं होतं माझं!” म्हातारीचा आवाज फुटला. “तिला दोषी म्हणायला जीभ वळेना माझी. आणि कुणावर तरी जळायचंच होतं मला, इतकं दुखत होतं... तू समोर होतीस. तू आपणहून मान पुढे केलीस. मला बरं पडलं.”

“बरं पडलं!”

वसीलाच्या तोंडून तो शब्द असा निघाला, की फेथी दचकला. वर्षभर, आणि त्याआधीची कितीतरी वर्षं, जे तिने गिळून ठेवलं होतं, ते सगळं एकदम बाहेर पडलं.

“बेकरीतल्या बाया माझ्यावर हसतात, ते बरं पडलं? भाऊ मला विचारेनासा झाला, ते? नूरीच्या कबरीवर गेले, तर तिथून मला उठवलं फातूमाने, म्हणाली सासूला मारणारीने इथं पाऊल ठेवू नये... तेही बरंच पडलं असेल! मी कशासाठी केलं ते? तुमची माया तुटू नये म्हणून केलं. आणि तुम्ही दोघी... दोघीही... सगळं ठाऊक असून!”

आणि मग ती रडली. नूरी गेला तेव्हाही इतकी रडली नव्हती. अंगावर लपेटलेल्या सेफसारीचं, त्या पांढऱ्या चादरीचं, टोक तोंडात कोंबून ती जिन्यात निघून गेली, आणि पायरीवर बसली.

थोड्या वेळाने हेदिया बाहेर आली. वरच्या पायरीवर बसली.

“मला मार,” हेदिया म्हणाली.

“त्या दिवशी तू मला मारलंस.”

“हो.”

“खरं माहीत असून.”

“माहीत होतं म्हणूनच मारलं.” हेदियाने गुडघ्यांत डोकं घातलं. “तू त्या अंगणात रोज तिला उभं करत होतीस ना... मला वाटायचं, जे मी मोडलं ते तू जुळवतेयस, आणि जुळलं की सगळ्यांना दिसेल मोडलं कुणी होतं. म्हणून मी तिला घेऊन आले. इथं तरी मी चांगली दिसेन... चमच्याने भरवत होते मी तिला, वसीला. चमच्याने! आणि ती माझ्या हातांत विरघळत चालली होती, तेही मला दिसत होतं...”

वसीलाने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तेवढं मोठं मन त्या वेळी तिच्यापाशी नव्हतं. डोळे पुसून ती उठली, आत गेली आणि पलंगासमोर उभी राहिली.

“दुपारच्या बोटीने निघायचं. माफ केलं म्हणून नेत नाही, हे नीट ऐकून ठेवा. इथं राहिलात तर मराल, म्हणून नेतेय.”

“ने,” म्हातारी म्हणाली. “परवा त्या फरशीवर पडले होते ना गं... तोंडासमोर हातभर अंतरावर दार, आणि एक कोपर उचलेना. तेव्हा कळलं, तू काय देत होतीस मला. सगळं घालवून बसले मी. लाडात घालवलं.”

“बोलू नका. दम राखून ठेवा. लागेल.”

आणि लागला! बुटक्या स्टुलाची गोष्टच सोडा, आता पलंगाच्या कडेला बसतानाही म्हातारीला भोवळ येत होती. डॉक्टरीण सिहेम यांनी तपासून मान हलवली. म्हणाल्या, मागच्या वेळेपेक्षा पुष्कळ कठीण आहे, पण दार बंद झालेलं नाही, ऐंशीच्या पुढच्या माणसाचा स्नायूही हाक मारली तर ओ देतो, फक्त उशिरा देतो. आधी निजल्या निजल्या पाय उचलायचा. मग बसून. मग टाच टेकून. सकाळी मासा, दुपारी मसुराचं कालवण, संध्याकाळी अंडं. मन्नूबियाच्या घरून सणाची मिठाई आली, ती वसीलाने तशीच परत पाठवली, आणि गल्लीत पुन्हा कुजबूज उठली.

घरातलं वारं काही एका दिवसात गोड झालं नाही. वसीला गरजेपुरतंच बोलायची. म्हातारीच्या तोंडच्या शिव्याही गेल्या नाहीत. फक्त त्यांचा रोख बदलला.

“उठ गं मेल्या पाया! उठ, आयतखाऊ! जन्मभर पोसलं तुला, आणि आता असा उलटतोस?”

“पायाला बोलून काय होणार? पुढे वाका.”

“वाकतेच आहे ना! तू गप्प बस जरा.”

दर शुक्रवारी हेदिया बोटीने येई. पहिल्यांदा आली तेव्हा अंगणाच्या कडेलाच उभी राहिली, पिशवीत अंडी आणि बाजारातला ताजा मासा घेऊन. वसीलाने पिशवी घेतली, सुरी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, “खवले काढ.” तेवढंच. पण पुढच्या शुक्रवारी हेदिया आपणहून सुरी घेऊन बसली. आई धडपडत उठायची, हेदियाचे डोळे भरून यायचे, ती अर्धवट उठायची... आणि वसीलाच्या एका नजरेने पुन्हा खाली बसायची. हळूहळू तिलाही ते जमलं. जवळ उभं राहून हात न देणं किती जड असतं, हे तिला आता कळत होतं.

थंडीत, ऑक्टोपसचा हंगाम भरात असताना, म्हातारीने एक दिवस जात्याचा दगड स्वतःहून फिरवला. थोडाच. पण पीठ पडलं! पोटऱ्या हाताला टणक लागू लागल्या, पाठीची जखम भरून आली, आणि साखर अशी उतरली, की इन्सुलिन आधी कमी आणि मग आणखी कमी करावं लागलं. वसीलाने ती बातमी तिला सांगितली, तेव्हा म्हातारी एवढंच म्हणाली, “मग आज कुसकुसमध्ये मासा जास्त घाल.” आणि कितीतरी वर्षांनी त्या अंगणात वसीला हसली.

वसंत आला. एक दिवस सकाळी वसीला किनाऱ्यावरून मासळी घेऊन परतली, तर घराचं दार सताड उघडं. स्टूल रिकामं. पलंग रिकामा. काठी जागेवर नाही.

“लेल्ला!”

टाक्यापाशी नाही, मोरीत नाही, परसात नाही... मासळीची टोपली टाकून ती तशीच गल्लीत धावली, आणि कोपऱ्यावर तिचे पाय जागीच थांबले.

मन्नूबियाच्या दारात लेल्ला खदूजा उभी होती. एका हातात काठी, दुसरा भिंतीला. धापा टाकत होती, पण आवाज मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

“नाही, बसायला नको. उभ्यानंच सांगते. गोळी तिने दिली नव्हती. साखर तोडली ती माझ्या जिवासाठी. मला उपाशी ठेवते म्हणाले, ते खोटं. छळते म्हणाले, ते खोटं. मी खोटं बोलले, मन्नूबिया. ऐकलंस? आता चालले मी.”

मन्नूबिया तोंडावर हात ठेवून उभी होती. समोरच्या घरातली म्हातारी रडत होती. म्हणजे तिच्याकडे आधीच जाऊन झालं होतं.

“लेल्ला...” वसीला जवळ गेली. “हे काय? एकट्या? पडला असतात तर! पुरे आता, घरी चला. बाकीच्यांना मी बोलावते ना, त्या येतील.”

“त्या आल्या तर काय होईल? चहा पितील, चार टिपं गाळतील आणि जातील. अंथरुणात पडून मी तुझी बदनामी केली गं, कारण तेवढंच करायची ताकद होती माझ्यात. आता पाय आलेत. आता ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर जाऊन ती परत घ्यायचीय मला.”

“हेदियाचं नाव...?”

“तिनंच सांगितलं, घे म्हणून. काल रडत सांगितलं.” म्हातारीने घाम पुसला. “सरक. फातूमाचं घर राहिलंय. तिच्याकडे मी सगळ्यात जास्त बोलले होते.”

फातूमाचं घर गल्लीच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून होतं, आणि त्याच्या दाराला दोन उंच पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर म्हातारीचा पाय चढला. दुसरीला गुडघा कापला, काठी खरखरली, ती क्षणभर मागे झुकली... आणि मग दात खाऊन, स्वतःच्याच मांडीला एक सणसणीत शिवी हासडून, वर गेली. तिने काठीच्या मुठीने दार ठोठावलं.

“अल्ला! लेल्ला खदूजा? चालत?” फातूमाने दार उघडलं, आणि मागे उभ्या वसीलाला पाहून तिचे ओठ वाकडे झाले. “आणि हिनं काय, आता घराबाहेरही काढलं का तुम्हाला?”

“फातूमा,” म्हातारी म्हणाली, “माझ्या सुनेबद्दल मी तुला जे जे सांगितलं, ते सगळं खोटं होतं. माझ्या नूरीच्या कबरीवरून तू हिला उठवलंस, ते माझ्या खोटेपणामुळं. आज तू हिला तिथं घेऊन जायचंस. हाताला धरून. सगळ्यांच्या देखत.”

फातूमाचा चेहरा पडला. मग पायऱ्या उतरून ती वसीलासमोर आली, आणि खाली मान घालून तिने हात पुढे केला.

वसीलाला तो हात दिसेना. तिचे डोळे काठोकाठ भरले होते. सेफसारीत तोंड लपवून ती भर गल्लीत हुंदके देत होती, आणि घराघरांतून बायका बाहेर येऊन बघत होत्या. कुणी हसत नव्हतं.

“आता रडतेस काय, वेडे?” म्हातारी वरून ओरडली. “जा तिच्याबरोबर. आणि लवकर ये, मला पलीकडच्या आळीतही जायचंय!”